श्वासनलिकेची कसोटी

छातीच्या शस्त्रक्रियेत फुप्फुसाचा भाग काढता येतो, बरगडी कापता येते. पण लांबवर खराब झालेली श्वासनलिका बदलणे अजूनही अवघडच. तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अतिशय बारीक, आणि आतली बाजू सतत हवेतल्या जंतूंना उघडी. त्रिमिती छपाईच्या वैद्यकीय इतिहासात हीच नळी कसोटीचा दगड ठरली.

या छपाईचा उगम दवाखान्यातला नव्हे. चार्ल्स हल यांनी १९८४ साली द्रवरूप राळ प्रकाशाने थरावर थर गोठवण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. पुढे सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या मापाचे भाग छापले जाऊ लागले. २०१५ साली स्पेनमधील सलामांका येथे कर्करोगाच्या एका रुग्णाला ऑस्ट्रेलियात छापलेले टायटॅनियमचे उरोस्थी व बरगड्या बसवल्या गेल्या. हाडाचे मुख्य काम आधाराचे. ते धातूला जमते. जिवंत नळीचे तसे नसते.

२०११ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात पाओलो माकियारिनी यांनी मूळपेशी लावलेली प्लास्टिकची श्वासनलिका बसवली. ती छापलेली नव्हती. पण कृत्रिम साचा शरीरात जिवंत होईल, हे स्वप्न तेच होते. तेथे अशी नळी बसवलेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. ‘लॅन्सेट’ने २०१८ साली त्यांचे लेख मागे घेतले, २०२३ साली स्वीडिश अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची कैद सुनावली.

त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१२ मध्ये, मिशिगन विद्यापीठात ग्लेन ग्रीन व स्कॉट हॉलिस्टर यांनी एका तान्ह्या बाळाच्या मिटणाऱ्या श्वासवाहिनीला बाहेरून छापील आधार शिवला. पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा हा आधार सुमारे तीन वर्षांत विरघळावा, तोवर वाहिनी स्वतः बळकट व्हावी, एवढीच अपेक्षा. अवयव घडवल्याचा दावा नव्हता. वाढीला वेळ मिळवून दिला होता. बाळ वाचले.

जैवछपाईत आता पेशीच शाई होतात. २०१९ साली राइस विद्यापीठातील संशोधकांनी जेलमध्ये रक्तवाहिन्यांनी वेढलेली, फुगणारी वायुपिशवी छापली. २०२२ साली अमेरिकेत मानवी फुप्फुसाचा सांगाडा छापला गेला. त्यात सुमारे ४,००० किलोमीटर केशवाहिन्यांची रचना होती. पण सांगाडा म्हणजे फुप्फुस नव्हे. आकार छापता येतो. त्यात पेशी रुजाव्या लागतात, रक्त खेळावे लागते. हे अंतर दाव्याने ओलांडू पाहिले, तर किंमत रुग्ण मोजतो, हेच या दोन शस्त्रक्रियांचा इतिहास सांगतो.