तान्ह्या मुलांचा अभ्यास आणि कडेवरचे मूल

तान्हे मूल कसे शिकते, याचा अभ्यास प्रथम कोणाच्या घरी झाला हे पाहिले की या शास्त्राचा वर्ग कळतो. डार्विनने १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाची वाढ टिपून ठेवली. ती १८७७ मध्ये छापली. पियाजेने १९२५ ते १९३१ या काळात जन्मलेल्या आपल्याच तिन्ही मुलांवर ग्रंथ लिहिले. ही निरीक्षणे मोलाचीच आहेत. पण वही घेऊन पाळण्यापाशी बसण्याची सवड ज्या घरात होती, त्याच घरातले मूल जगाचे 'बालक' ठरले. निंदणीच्या बांधावर झोळी बांधणाऱ्या आईने आपले मूल पाहिले नव्हते काय? पाहिले होते, तिच्या हाती लेखणी नव्हती, इतकेच.

महाराष्ट्रात ही चौकट हलवली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. बोर्डीला १९४५ मध्ये त्यांनी ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत काम करताना उमगले की, थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. मला हा शोध कोणत्याही प्रयोगशाळेतल्या शोधाइतकाच मोठा वाटतो. 'अंगणवाडी' हे नाव १९७५ च्या सरकारी योजनेने देशभर नेले. कडेवरच्या मुलाकडे पाहण्याची ती नजर मात्र तितकी पोचली नाही.

आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांतली मुले भिली, पावरी ऐकत वाढतात. कित्येकांचा हिवाळा आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जातो. यांना कोणत्या मापाने मोजायचे?

वजनाचे माप सर्वांना एकच हवे. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढीची मानके सहा देशांतल्या मुलांवरून ठरली. त्यांतली भारतीय मुले दक्षिण दिल्लीच्या सुखवस्तू घरांतली होती. पोटभर मिळाले तर देशोदेशीची मुले जवळपास सारखीच वाढतात, असे त्यातून दिसले. तेव्हा 'आदिवासींची मुले मुळातच लहानखुरी' असे जे सहज बोलले जाते, ते शास्त्र नव्हे. तो जुना वर्णविचारच आहे, आणि उपासमारीवर पांघरूण घालायला तो सोयीचा पडतो.

भाषेचे तसे नाही. पावरीत बोलणाऱ्या मुलाला मराठीत प्रश्न विचारला आणि ते गप्प राहिले, तर त्या नोंदीत मुलाची समज उतरत नाही, विचारणाऱ्याचे अज्ञान तेवढे उतरते. हे मूल काय शिकते ते पाड्यावर बसूनच पाहावे लागेल: कडेवरून ते किती माणसांचे आवाज ओळखते, शेळीला कोणत्या शब्दाने हाकलते, पहिला शब्द आईकडून उचलते की बहिणीकडून. महाविद्यालयांत आता पावरा, भिल्ल, मावची मुली येत आहेत. घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या. धाकट्यांना कडेवर वागवलेल्या या मुलींच्या हाती ती वही प्रथम द्यायला हवी.