सामाजी सुटून आले. जे आले नाहीत त्यांच्या बायका?

सामाजी हसाजी दिवेकरांची गोष्ट आपल्यापैकी कोणाला नव्याने सांगायला नको. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतले नेटिव्ह अधिकारी. दुसऱ्या म्हैसूर युद्धात (१७८०-८४) टिपूच्या हाती सापडले. टिपूच्या आईने "तुमची जात कोणती" असे विचारले, "बेने इस्राएल" हे उत्तर ऐकून तिने जीव वाचवला, असे घरोघरी सांगतात. सुटलो तर मशीद बांधीन असा नवस त्यांनी केला होता. १७९६ साली मुंबईत मांडवीला शआर हारहमीम उभी राहिली आणि रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट नाव पडले.

आम्हांला मात्र यात नेहमी घर आठवते. नवरा लढाईवर गेला, पकडला गेला, जिवंत आहे की नाही कळायला मार्ग नाही. तह झाला तो ११ मार्च १७८४ ला, मंगळूरला. तोवर शिपायाच्या घरी काय कळवणार आणि कोण? कोकणातून आलेली आपली माणसे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पलटणीत शिरत होती. तेलाच्या घाण्यापेक्षा पगार बरा, पेन्शनची आशा. घाण्यावरचा नवरा संध्याकाळी घरी येत असे, एवढा फरक पडला.

त्यात आपल्या धर्मशास्त्राची गाठ वेगळीच. नवरा मेल्याची खात्री नाही आणि हातात 'गेट', म्हणजे घटस्फोटपत्रही नाही, अशी बाई 'अगुना' ठरते. तिला दुसरे लग्न करता येत नाही, मग दहा वर्षे जावोत की तीस. जुन्या लोकांनी हे ओळखले होते. तलमूदात केतुबोतमध्ये म्हटले आहे की दावीद राजाच्या लढाईला जाणारा पुरुष आधी बायकोला गेट लिहून देत असे. आम्हांला ही तरतूद फार शहाणी वाटते, आणि तितकीच जड. उंबऱ्यावरून निघताना ज्या बाईकडे परत यायचे तिलाच सोडचिठ्ठी द्यायची!

आपल्याकडे चालत होता तो मलिदा. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, नारळ, फळे. माणूस निघताना एकदा, सुखरूप आला की पुन्हा. मनाला आधार त्याने नक्कीच मिळाला असेल. शास्त्राची गाठ सुटत नाही.

गुंगालिनला आमच्या आसपास ऑस्ट्रेलियन फौजेतली कुटुंबे राहतात. नवरा किंवा बायको काही महिने दूर, मुलांची शाळा, गवत कापणे, सगळे एकाच्या डोक्यावर. फोनवर तोंड दिसते, पण मागे राहिलेला माणूस चिडचिडा होतो आणि परत आलेल्याला आपल्याच घरात पाहुण्यासारखे वाटते. संसार असे मोडताना आम्ही पाहिले आहेत. सामाजींच्या काळी तेवढे तोंडही दिसत नव्हते.

हा प्रश्न आपल्यावर उलटला तो इस्राएलात. १९६१-६२ च्या सुमारास मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांच्या लग्नांवर बोट ठेवले: तुमच्या पूर्वजांना गेट आणि हलिझा यांचे नियम ठाऊक नव्हते, तेव्हा जुन्या लग्नांची खात्री काय? आईबापांची कुळे तपासायचे फर्मान निघाले. आपली माणसे यरुशलेमेत धरणे धरून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव करून बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असे म्हटले, तेव्हा रब्बींनी ते कलम बदलले.

गंमत अशी, की चारच वर्षांनी अगुनांचा प्रश्न त्यांच्याच दारात आला. जानेवारी १९६८ मध्ये डाकार पाणबुडी ६९ खलाशांसह बुडाली. प्रेते नाहीत, साक्षीदार नाही. रब्बी गोरेन यांनी शास्त्रातून वाट काढून त्या बायकांना मोकळे केले. बोट सापडली १९९९ ला.

सामाजींचे पुढे काय झाले? मशिदीसाठी सेफेर तोरा आणायला ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. घरच्यांनी त्यांना दोनदा निरोप दिला. दुसऱ्या वेळी ते परत आले नाहीत.