एजंट ११६ची वंशावळ

१९६२ साली 'डॉ. नो' आला आणि युरोपात हेरपटांची साथच पसरली. रोम-पॅरिसच्या निर्मात्यांनी नावापुढे आकडा लावलेल्या नायकांची रांग उभी केली. पैसा थोडा, घाई फार, आणि पुष्कळदा सारा मामला थट्टेवारी नेलेला. लुचो फुल्चीच्या '००२ अजेंटी सेग्रेतिस्सिमी' (१९६४) या चित्रपटात तर फ्रँको आणि चिच्चो ही सिसिलीची विनोदी जोडगोळीच हेरांच्या भानगडीत सापडते.

या साऱ्याला 'बाँडची नक्कल' म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. निदान फ्रान्सपुरती ती चुकीची आहे. ज्याँ ब्रूसचा 'ओएसएस ११७' कादंबरीत अवतरला १९४९ मध्ये. फ्लेमिंगचा बाँड १९५३चा. पुढे १९६३ पासून आंद्रे युनबेलने ११७ची चित्रपटमालिका काढली. आता आपल्या हेराचा आकडा पाहावा. १९६६ मध्ये तेलुगूत 'गूढचारी ११६' आला, आणि १९६७ मध्ये त्यावरून हिंदीत 'फर्ज'. ११७ आणि ११६ यांचा हा शेजार मला तरी योगायोग वाटत नाही.

पण नुसत्या आकड्याने हेर होत नाही. बाँडची यंत्रे आणि वाहने आणायची कुठून? 'फर्ज'चे दिग्दर्शक रविकांत नगाइच मूळचे ट्रिक छायालेखक. रावणाची कथा सांगणाऱ्या 'सीतारामकल्याणम्' (१९६१) या तेलुगू पौराणिकपटातील चमत्कार त्यांचे. म्हणजे आमच्या हेरपटाचे मूळ लंडनपेक्षा लंकेत शोधावे लागते. आणि लंकेची वाट थेट दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन'पर्यंत (१९१७) जाते. पुराणातील मायावी राक्षस गेला, त्याच्या जागी परकीय हस्तक आला. कॅमेऱ्याच्या युक्त्या त्याच राहिल्या. नगाइच यांनी पुढे 'सुरक्षा' (१९७९) मध्ये मिथुन चक्रवर्तीला 'गनमास्टर जी-९' केले, तेव्हाही हा हात सुटला नव्हता.

नायक जितेंद्र. गिरगावच्या चाळीत वाढलेला, चित्रपटांना नकली दागिने पुरवणाऱ्या घरातला मुलगा. व्ही. शांताराम यांनी 'गीत गाया पत्थरों ने' (१९६४) मधून त्याला नायक म्हणून उभे केले, पण नाव झाले 'फर्ज'मुळे. आणि तेही पिस्तुलामुळे नव्हे, तर पांढऱ्या बुटांमुळे आणि त्या उड्या मारत केलेल्या नाचामुळे! हेराने चारचौघांत उठून दिसू नये, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. आमचा हेर वाद्यवृंदासह वावरतो. असो.

मध्यंतरी पुणे-नगर रस्त्याने जात असता कोरेगाव भीमापाशी वाहतूक अडली होती. शेजारच्या एका कार्यालयात कुणाचा तरी वाढदिवस होता आणि कर्ण्यावर 'फर्ज'मधले लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे वाढदिवसाचे गाणे लागले होते. त्या गाण्यात नाव सुनीताचे आहे. तिच्यासाठी गाणारा तो तरुण सरकारी हेर आहे आणि त्याचा संशय तिच्याच वडिलांवर आहे, हे त्या मांडवात कुणाच्या ध्यानात असेल असे वाटले नाही.