सोळा वर्षांच्या मुलासाठी जुनी गाडी : तुलना नक्की कशाशी?

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सोळाव्या वर्षी गाडी चालवायचा परवाना मिळतो. मग घरात ठरलेला बेत असतो. परवडेल अशी एक जुनी गाडी बघायची, सुट्टीच्या दिवशी बापलेकांनी मिळून ती खोलायची, जमेल तेवढी दुरुस्त करायची आणि पोराच्या हातात किल्ली द्यायची. १९३५ सालच्या घरात हे वाक्य खपलं असतं आणि २०१५ सालच्या घरातही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणीच सावध व्हायला हवं. शब्द तेच राहिले की आपल्याला वाटतं गोष्टही तीच आहे. इथे ती तशी नाही, आणि हा फरक मुलाच्या जिवाशी येऊन भिडतो.

सुरुवात फोर्डच्या मॉडेल टीपासून करू. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटींच्या वर बनल्या. एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या की काही वर्षांनी तेवढ्याच जुन्या होऊन विकायलाही येणार, हे उघड आहे. जुन्या गाडीच्या सौद्यात घासाघीस इतकी का चालते, यावर स्टीव्हन गेल्बर या इतिहासकाराचं २००८चं पुस्तक आहे. त्याचं म्हणणं असं की ही रीत घोड्यांच्या बाजारातून आली. दात बघायचे, खोड लपवायची, समोरच्याला जोखायचं. जनावर गेलं, गाडी आली, पण सौद्याचा स्वभाव तोच राहिला.

या गाड्या साध्या होत्या. चार-दोन पाने, एक पक्कड आणि थोडी चिकाटी असली की अंगणात काम होई. १९३२मध्ये फोर्डने स्वस्तातलं व्ही-एट इंजिन आणलं आणि पोरांना खेळणंच मिळालं. फेब्रुवारी १९४२मध्ये युद्धामुळे सामान्य लोकांसाठी गाड्या बनवणं थांबलं, त्यामुळे युद्ध संपल्यावर नव्या गाड्यांचा तुटवडा होता. जुन्या फोर्ड घेऊन त्यांना वेगवान करणारी तरुण मंडळी आधीपासून होतीच, ती आता वाढली. १९४८च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघालं, १९५१मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली.

माझ्या मते या सगळ्यात सर्वात बोलका पुरावा ब्रेकचा आहे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९च्या मॉडेलपासून दिले, त्याआधीचे ब्रेक सळ्या-तारांनी ओढले जात. म्हणजे १९३२ची गाडी थांबण्यात कच्ची होती. पोरं काय करत? भंगारातून नंतरच्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक आणून जुन्या गाडीला बसवत. जुन्या आणि नव्या गाडीत सुरक्षेचं जे अंतर होतं, ते पान्ह्याने बुजवता येत होतं. बाकी बाबतीत नवी गाडीही काही सुरक्षित नव्हती. सीटबेल्ट सहसा कुणातच नव्हते, आणि समोरून धडक झाली तर स्टिअरिंगचा ताठ दांडा चालकाच्या छातीत घुसायचा. जुनी गाडी दिली म्हणून बापाने मुलाला फार जास्त धोक्यात टाकलं, असं तेव्हा म्हणता येत नाही.

हे चित्र १९६५ नंतर पालटलं. राल्फ नेडरचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ त्या वर्षी आलं, १९६६मध्ये वाहन सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला आणि १९६८च्या सुरुवातीपासून नव्या कारना सीटबेल्ट, धडकेत दबणारा स्टिअरिंगचा दांडा वगैरे सक्तीचं झालं. सीटबेल्ट अजून घरी बसवता येतो. दांडा बदलणं कठीण. पुढे १९९८च्या मॉडेलपासून कारमध्ये पुढच्या दोन्ही जागांना एअरबॅग सक्तीच्या झाल्या आणि २०१२च्या मॉडेलपासून इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. हे शेवटचं थोडं समजून घ्या. गाडी वळणावर सटकायला लागली की सेन्सर ते ओळखतात आणि एखाद-दुसऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून गाडी रेषेवर आणतात. घाबरून स्टिअरिंग गरकन फिरवणाऱ्या नवख्या चालकाला याचा फार उपयोग. पण २००३च्या गाडीत हे तुम्ही अंगणात बसवू शकत नाही. म्हणजे नवी गाडी जसजशी सुधारत गेली तसतशी जुनी गाडी, स्वतः काही न बदलता, तुलनेने धोकादायक ठरत गेली. आणि घरातल्या हिशोबाने ती जाते कुणाकडे, तर सर्वात कमी अनुभव असलेल्याकडे.

(‘आताच्या गाड्या घरी दुरुस्त होत नाहीत’ ही हळहळ मला अर्धीच पटते. १९९६च्या मॉडेलपासून डॅशबोर्डखाली निदानाचा एकसारखा प्लग सक्तीचा आहे. त्यात स्वस्तातला स्कॅनर लावला की गाडी स्वतःच दुखणं कुठे आहे याचा कोड देते. १९५०च्या बापाला हे सुख नव्हतं.)

आता विश्वासाचा भाग. जॉर्ज अकरलॉफचा ‘लेमन्स’वरचा लेख १९७०चा, जेमतेम तेरा पानांचा. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता, २००१मध्ये त्यालाच धरून नोबेल मिळालं. तुमचा पहिला पेपर परत आला तर आठवा. युक्तिवाद साधा आहे: गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकत नाही, आणि बाजारात उरतो तो गाळ. याच लेखात भारतातल्या गावच्या सावकाराचंही उदाहरण आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. या नजरेने बघितलं तर बापाला इंजिन कळणं ही नुसती हौस राहत नाही. माहितीची दरी घरच्या घरी कमी करण्याचा तो एक मार्ग ठरतो.

सरकारनेही प्रयत्न केले. मीटर मागे फिरवण्यावर १९७२मध्ये केंद्रीय बंदी आली. फेडरल ट्रेड कमिशनने १९८१मध्ये नियम केला की डीलरने माहीत असलेले मोठे दोष लिहून द्यावेत. काँग्रेसने १९८२मध्ये तो उडवला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असा नकाराधिकारच घटनाबाह्य ठरवला, तरी १९८५पासून लागू झालेल्या नियमात दोष सांगायचं कलम नव्हतं. काचेवर एक कागद लावायचा: वॉरंटी आहे की ‘आहे तशी’ विक्री, आणि शक्य असल्यास आपल्या मेकॅनिककडून तपासून घ्या. दोन घरांमधल्या थेट व्यवहाराला तर तोही लागू नाही, आणि मुलासाठी गाडी बऱ्याचदा अशीच ओळखीपाळखीतून येते.

इथे विज्ञान शाखेतून आलेल्यांसाठी एक गोष्ट. ‘जुन्या गाडीतली मुलं जास्त दगावतात’ असा आकडा हाती आला की लगेच गाडीला दोष देऊ नका. जुनी गाडी कोण चालवतं? कमी उत्पन्नाची घरं, खेड्यातले वेगवान रस्ते, रात्रपाळीची कामं. हे वेगळं काढल्याशिवाय गाडीचा वाटा कळत नाही. शिवाय परवाना मिळाल्यावरचे पहिले काही महिने आणि गाडीत बसलेले मित्र, हे धोके नव्या गाडीतही असतात. म्हणूनच फ्लोरिडाने १९९६मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना द्यायला सुरुवात केली आणि इतर राज्यं मागोमाग आली.

या विषयात कुणाला काम करायचं असेल तर मासिकं आणि जाहिराती भरपूर सापडतील, पण त्या मुख्यतः पोरांच्या आणि वेगाच्या बाजूने बोलतात. आईने काय विचार केला, मुलीला कोणती गाडी मिळाली, याचा माग पत्रांत, रोजनिशीत आणि मौखिक मुलाखतींत घ्यावा लागेल.

आपल्याकडे कारचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, एवढा फरक. चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना १ जुलै २०१९पासून सक्तीची झाली. कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी २०१४ची गाडी बघत असाल तर टायर, ब्रेक पॅड, क्लच गॅरेजवाला बदलून देईल. एअरबॅग आहे का, हे मात्र पैसे देण्याआधीच बघावं लागेल.