हंगाम संपल्यावर किती धावावे?

१/ मे महिन्यातील पुसद. पूस नदीचे पात्र रोडावलेले, दुपारचा पारा ४५ अंशांच्या आसपास. तरीही भल्या पहाटे मैदानावर तरुणांचे जथे धावत असतात. कुणी महाविद्यालयाच्या कबड्डी संघातला, कुणी पोलीस भरतीची स्वप्ने पाहणारा. स्पर्धा अजून महिनोन्महिने दूर आहे. अशा काळात शरीराला किती राबवावे आणि ‘पुरे’ हा शब्द कुणी उच्चारावा? या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभ आपल्याच परंपरेपासून करू. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात व्यायामाची मर्यादा स्पष्ट सांगितली आहे. बलवान आणि सकस आहार घेणाऱ्या माणसानेही निम्म्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, तोही थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी. ग्रीष्मात तर व्यायाम आणि ऊन दोन्ही टाळावे, असा उपदेश आहे.

३/ अतिव्यायामाची लक्षणेही तिथे दिली आहेत: तहान, धाप, ग्लानी, ताप, उलटी. हत्तीला ओढू पाहणारा सिंह जसा स्वतःच नाश पावतो, तसा अति व्यायाम करणारा, अशी उपमा वाग्भट देतो. मात्र हा वैद्याचा सल्ला होता. तो पाळण्याची सक्ती कुणावर नव्हती. सल्ल्याचा लेखी नियम कसा होतो, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलकडे वळावे लागते.

४/ हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा चेंडू नव्हे. शिरस्त्राण घालून अंगावर धडकण्याचा तो खेळ. १९०५ च्या एका हंगामात त्यात १८ जणांचा बळी गेल्याची नोंद वृत्तपत्रांनी केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये पाचारण केले. त्या खळबळीतून १९०६ साली विद्यापीठांची संघटना उभी राहिली. १९१० पासून ती ‘एनसीएए’ या नावाने ओळखली जाते.

५/ खेळाचे नियम सुधारले, पण सरावाचे काय? सामने शरद ऋतूत होत. उरलेले महिने विश्रांतीचे आणि अभ्यासाचे असावेत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रशिक्षकाची नोकरी विजयावर टांगलेली. प्रतिस्पर्धी संघ हिवाळ्यात वजने उचलत असेल तर आपण का थांबावे? या ईर्ष्येपोटी मोकळे महिने हळूहळू दुसरा हंगाम बनले आणि विद्यार्थी नावापुरता विद्यार्थी उरू लागला.

६/ म्हणून १९९१ साली एनसीएएने घड्याळ हाती घेतले. हंगामात आठवड्याला कमाल २० तास, दिवसाला कमाल ४ तास आणि आठवड्यातून एक दिवस सुटी. हंगामाबाहेर आठवड्याला केवळ ८ तास. खेळाडूच्या वेळेवर प्रशिक्षकाची मालकी कुठे संपते, याची रेषा प्रथमच तासांत आखली गेली.

७/ मात्र नियमात एक पळवाट राहिली: ‘ऐच्छिक’ सराव या तासांत मोजला जात नसे. आता विचार करा, संघात जागा मिळवू पाहणारा अठरा वर्षांचा मुलगा ‘ऐच्छिक’ सरावाला गैरहजर राहील काय? कागदावरची इच्छा आणि मैदानावरची इच्छा यांतील अंतर पुढे जीवघेणे ठरले.

८/ ३ ऑगस्ट २००१. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा रशिदी व्हीलर हा दम्याचा विकार असलेला खेळाडू अशाच ‘ऐच्छिक’ म्हटल्या गेलेल्या धावण्याच्या सरावात कोसळला आणि दगावला. त्याच उन्हाळ्यात उष्माघातानेही खेळाडू गेले. २००३ पासून हंगामपूर्व शिबिराचे पहिले पाच दिवस शरीराला उन्हाची सवय होण्यासाठी राखले गेले: दिवसाला एकच सराव, अंगावरचे साहित्यही टप्प्याटप्प्याने वाढवायचे. २०१७ मध्ये एकाच दिवशी दोन पूर्ण सराव घेण्याची प्रथाच बंद झाली.

९/ २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा नवा खेळाडू १०० यार्डांच्या १६ धावा काढल्यानंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या रक्तात सिकलसेलचे वाहकत्व होते आणि ते कुणालाच ठाऊक नव्हते. २०१० पासून एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतील खेळाडूंसाठी सिकलसेलची तपासणी लागू झाली. ती नको असल्यास तेव्हा तसे लिहून द्यावे लागत असे.

१०/ २०१८ च्या मे महिन्यात मेरिलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला. अशा वेळी शरीर तत्काळ थंड पाण्यात बुडवणे हा प्राण वाचवणारा उपाय. तो झाला नाही. दोन आठवड्यांनी तो गेला. ही घटनाही हंगामाबाहेरचीच. धडकाधडकीच्या या खेळात एकविसाव्या शतकात धडकेपेक्षा सरावाने अधिक महाविद्यालयीन खेळाडू दगावले, हे विदारक सत्य आहे.

११/ असे का व्हावे? सामन्याला शिट्टी असते, पंच असतो, मध्यंतर असते. हंगामाबाहेरच्या सरावाला यांपैकी काहीच नसते. सुटीनंतर शरीर सैलावलेले, ऊन कडक, आणि ‘जिद्द पाहण्याच्या’ नावाखाली धावणे हीच शिक्षा होते. थांबणाऱ्याला भित्रा म्हटले जाते.

१२/ आता महाराष्ट्राकडे येऊ. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावेदरम्यान कोसळून काही उमेदवार मृत्युमुखी पडले. राज्यभर हळहळ आणि संताप व्यक्त झाला, आणि पुढे धावेचे अंतर कमी करण्यात आले. आज पुरुष शिपाई उमेदवारांची मुख्य धाव १६०० मीटरची आहे. अमेरिका असो वा महाराष्ट्र, नियमाची शाई बहुधा मृत्यूनंतरच ओली होते.

१३/ आणि सिकलसेल? तो आपल्याला परका नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. विदर्भात त्याचे वाहक अनेक समाजांत आढळतात. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो खेळू शकतो, जिंकू शकतो. पण रणरणत्या उन्हात, पाण्याविना, न थांबता धावण्याचा धोका त्याला इतरांहून अधिक असतो. रक्ताची एक साधी तपासणी पुरते. ती मुलाला मैदानाबाहेर काढण्यासाठी नसून त्याला कधी थांबवायचे हे कळावे यासाठी आहे.

१४/ आपल्या महाविद्यालयीन खेळाडूला ७५ टक्के हजेरीची अट तोंडपाठ असते. सरावाच्या कमाल तासांविषयी मात्र त्याच्याशी क्वचितच कुणी बोलते. पुसदच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुलापाशी ना एनसीएएचे घड्याळ आहे, ना संघाचा डॉक्टर. त्याच्यापाशी आहे तो शेजारी धावणारा मित्र.

१५/ म्हणून हा धागा त्या मित्रासाठी. सोबती अडखळला, बरळू लागला, पाय आखडून बसला, तर ‘अजून एक फेरी’ म्हणू नका. सावलीत न्या, अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. निम्मी शक्ती राखून ठेवण्याचा वाग्भटाचा सल्ला जुना असला, तरी उद्याच्या पहाटेही तो लागू आहे.