वैराग्य की व्याधी?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, तीत एक निदान दडलेले आहे ह्याचे भान कोणास राहत नाही. उतारवयात प्रथम ढळते ती बुद्धी, असे ती सांगते. परंतु स्मृतिभ्रंशाच्या विकाराचा इतिहास चाळू लागले म्हणजे निराळेच दिसते. पुष्कळदा बुद्धीच्या आधी पालटते ते मन. आणि ह्या गोष्टीकडे शास्त्राचे पुरते लक्ष जावयास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

१९०१ साली आमच्या ठाण्यास मनोरुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर आलोइस आल्झायमर ह्यांनी तिची हकीकत बारकाईने लिहून ठेवली. १९०६ साली ती वारल्यावर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. आणि १९१० साली क्रेपेलीन ह्यांनी आपल्या पाठ्यग्रंथात त्या विकारास आल्झायमरांचे नाव दिले. त्या हकीकतीत विस्मरण आहेच. पण आरंभीचे म्हणून नोंदलेले लक्षण निराळे आहे. ही संसारी बाई नवऱ्याविषयी मत्सराने संशय घेऊ लागली होती! स्मृती गेली ती मागाहून. तरीही रोगाची ख्याती झाली ती स्मृतिनाशाचा रोग म्हणून. तो मत्सर कागदांतच राहिला.

आपल्याकडे कायद्याची दृष्टीही स्थूलच होती. पुढे १९८७ च्या कायद्याने ज्याची जागा घेतली, त्या १९१२ च्या कायद्यात पोलिसांनी ताब्यात घ्यावयाचे ते रस्तोरस्ती भटकणाऱ्या अथवा घातक वाटणाऱ्या वेड्यास. जो म्हातारा कोणास उपद्रव न देता ओटीवर नुसता बसून राही, तो ठाण्याच्या त्या दारापर्यंत कशाला पोहोचणार? त्याचे निदान घरीच होई, आणि तेही आदराचे: ‘आता त्यांस विरक्ती आली.’

ही चूक आम्हीही केली. माझे एक वडीलधारे आप्त कल्याणच्या, १८६४ साली स्थापन झालेल्या, सार्वजनिक वाचनालयात वर्षानुवर्षे नेमाने जात. एके वर्षी त्यांनी ते सोडले. मग पत्रे लिहिणे थांबले. नातवंडे समोर खेळत असली तरी दृष्टी वळेना. दुःख विचारावे, तर ते म्हणत, काही नाही. आम्ही मनोमन त्यांस नमस्कार करीत राहिलो. तीन वर्षांनी ते रोजच्या वाटेवर घर चुकले, तेव्हा आमचे डोळे उघडले.

लंडनमधील दहा हजारांवर सरकारी नोकरांची २८ वर्षे चाललेली पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. ज्यांस पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांच्या ठायी औदासीन्याची लक्षणे निदानापूर्वी सुमारे ११ वर्षे इतरांहून वाढू लागली होती. म्हणजे हे औदासीन्य निदान काही जणांत रोगाचे कारण नसून त्याचीच पहिली चाहूल असावी. त्याआधी, २०१६ साली, तज्ज्ञांनी ह्या चाहुलीचे निकषही मांडले होते: उत्साह मावळणे, चित्त उदास वा चिंताग्रस्त होणे, संताप न आवरणे, लोकव्यवहाराचे भान सुटणे, नसते संशय येणे. मात्र हा पालट पन्नाशीनंतर नव्याने उद्भवलेला व निदान सहा महिने टिकलेला असावा.

ह्यावरून प्रत्येक उदास वृद्धास स्मृतिभ्रंश होणार असे कोणी समजू नये. कित्येकदा मुळाशी वियोगाचे दुःख असते, कमी झालेले ऐकू येणे असते, किंवा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा असतो. आणि ह्यांतील पुष्कळांवर उपाय आहे. म्हणूनच वैद्यास विचारावयाचे. ‘वयाचा परिणाम’ म्हणून स्वस्थ बसण्यात उपायाची वेळही निघून जाते.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आपणांस गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भेटतो. तेथे आसक्ती, काम, क्रोध, संमोह आणि मग स्मृतीचा भ्रंश असा क्रम आहे. तो उपदेश नीतीचा, वैद्यकाचा नव्हे. तरी मन आधी आणि स्मृती मागाहून, हे त्यातही आहेच. खऱ्या विरक्ताने विषय सोडलेले असतात, माया सोडलेली नसते. आमच्या त्या आप्तांनी काहीच सोडले नव्हते. त्यांच्या हातून ते सुटत होते, आणि आम्ही हात जोडून पाहत होतो.