इंजिनाचा बेल्ट
एका चाकाची गती दुसऱ्याला देणारा पट्टा पूर्वी चामड्याचा, सपाट असे. ओल लागली की तो सैल पडे. 1917 साली अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबर-कापडाचा व्ही आकाराचा पट्टा केला. पुलीच्या खाचेत दोन्ही कडांनी रुतणारा हा बेल्ट कमी ताणातही पकड धरतो. बोटीच्या हलत्या, दमट इंजिनखोलीत याचे मोल फार मोठे. कोकणात 1950 नंतर होड्यांत डिझेल इंजिने आली, आणि बेल्ट तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, रोजच्या काळजीचा विषय झाला. तो तुटला की बॅटरीचे चार्जिंग थांबते. पाण्याचा पंपही त्यावरच असेल तर इंजिन तापते. दोन पुलींच्या मधोमध अंगठा दाबून पाहावा: साधारण अर्धा इंच दबला तर ताण ठीक. जास्त ताणला तर बेअरिंग जाते. पुलीखाली काळी भुकटी दिसली, तर बेल्ट झिजतो आहे.